कुमुदताईंचे चार विषय

आमच्या कोर्सचं नाव एका दमात म्हणून दाखवील त्याला चहा पाजीन, असं आमच्या केंद्रातले शिपाई चंदुभाई म्हणायचे. त्यांच्यावर चहा पाजायची वेळ फारशी आली नाही. आंतरविद्याशाखीय उदार अभ्यासाचं लवचिक पदव्युत्तर प्रमाणपत्र, असं ते नाव होतं आणि इंग्रजीत ते याहून लांब होतं. आम्ही सगळे त्याला सरळ 'खिचडी कोर्स' म्हणायचो. कुठल्याही शाखेच्या पदवीधरानं यावं, कुठल्याही विभागातले चार विषय निवडावेत, सकाळी जमलं तर सकाळी आणि संध्याकाळी जमलं तर संध्याकाळी शिकावं, पाच वर्षांत केव्हाही पुरं करावं आणि शेवटी एक छोटा प्रबंध लिहून तोंडी परीक्षा द्यावी, असा सगळा सैल कारभार होता.

दिवस उदारीकरणाचे होते. 'लिबरल' हा शब्द पेपरात रोज यायचा, त्यामुळे पहिल्या वर्षी शेअर बाजारातले दोघं जण मोठ्या आशेनं प्रवेश घेऊन बसले. आठवडाभर लघुचित्रांच्या तासाला बसल्यावर त्यांनी माझ्या टेबलाशी येऊन हळूच विचारलं, "बेन, आमां मार्केट क्यारे आवशे?" मार्केट कधीच येणार नाही असं मी सांगितलं, तेव्हा ते गेले. जाताना मात्र चित्रांचं पुस्तक मागून घेऊन गेले, ते अजून आणतायत.

मी तिथली कारकून. बडोद्याच्या कारेलीबागेत एका शाळेच्या वरच्या मजल्यावर दोन खोल्या होत्या, खाली तीन ट्यूशन क्लासच्या पाट्या आणि स्कूटरची ही रांग. कॉम्प्युटर नुकताच आला होता, पण तो दिवसभर फुलाफुलांच्या कापडाखाली झाकलेला असायचा आणि खरं काम माझ्या रजिस्टरांवर चालायचं. मी तेव्हा तिशीची होते, स्वभावानं चोख आणि तोंडानं जरा फटकळ. लवचिक कोर्स चालवायला माझ्यासारखी ताठ बाई ठेवण्यात कुणाचं काय चुकलं होतं कोण जाणे.

कुमुदताई सबनीस पहिल्यांदा आल्या तेव्हा प्रवेशाचा शेवटचा दिवस होता आणि मी सकाळपासून वैतागलेली होते. पन्नाशी ओलांडलेल्या, उंच, काटकुळ्या. इस्त्रीची सुती साडी आणि तिच्याखाली पांढरे कॅनव्हासचे बूट. गुडघ्यांसाठी घालत होत्या, पण त्या बुटांमुळे त्या नेहमी कुठून तरी धावत आल्यासारख्या वाटायच्या. "एक विचारू का?" असं म्हणून त्यांनी एका श्वासात सात-आठ प्रश्न विचारले. लवचिक म्हणजे किती लवचिक, तासाला मधेच उठून घरी जाता येतं का, चार विषयांचे शिक्षक एकमेकांशी कधी बोलतात का, आणि ह्या खिडकीचं दार असं उलटं का बसवलंय. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर मला आजही माहीत नाही.

मग त्यांनी फॉर्म दिला. चार विषय लिहिले होते: भाषाविज्ञानाची ओळख, बालविकास, प्राथमिक गायन आणि घरगुती वीजजोडणी.

"ताई, हे असं नाही चालत," मी म्हटलं.

"का गं? तुमच्या पत्रकात लिहिलंय ने, कुठलेही चार."

"लिहिलंय. पण त्यांचा एकमेकांशी काही संबंध तर पाहिजे."

"तो असेलच की. सापडला की तुला येऊन सांगते," असं म्हणून त्यांनी सही केली आणि पेनाचं टोपण घट्ट बसलंय ना हे दोनदा बघून ते पिशवीत टाकलं.

त्या गेल्यावर चंदुभाईंनी निदान केलं. नातवंड होणार असेल म्हणून बालविकास, भजनमंडळासाठी गायन, फ्यूज उडाला की नवरा लक्ष देत नसेल म्हणून वीज, आणि भाषाविज्ञान वेळापत्रकात बसलं म्हणून. मला ते पटलं. एवढं पटलं, की पुढे तीन महिने कुमुदताई समोर दिसल्या की माझ्या मनात 'हौशी बाई' हा शब्द यायचा. हौशी माणसांचा मला राग होता. त्यांच्यामुळे रजिस्टरात खाडाखोड फार होते.

पण कुमुदताई हौशी असल्या तरी हजेरीला पक्क्या निघाल्या. पहिल्या बाकावर न बसता त्या खिडकीजवळ तिसऱ्या बाकावर बसायच्या, कारण तिथून फळा आणि रस्ता दोन्ही दिसतात. शिक्षकांनी 'काही शंका?' असं विचारायची सोय राहिली नव्हती. बालविकासाच्या बाईंना त्यांनी विचारलं, की मूल आधी 'नाही' म्हणायला शिकतं की 'हो', आणि ज्या घरात दोन भाषा बोलतात तिथे ते कुठल्या भाषेत नाही म्हणतं. बाईंनी दोन दिवसांची मुदत मागून घेतली. गायनाच्या गुरुजींना त्यांनी विचारलं, की गाताना शब्द घशातून येतो की डोक्यातून. गुरुजी म्हणाले, आधी तुम्ही सा लावा. त्यांचा सा कधी लागला नाही, आणि त्याचं त्यांना काडीचं वाईट वाटलं नाही. तास संपला की माझ्या टेबलापाशी थांबून, माठातलं पाणी पिऊन म्हणायच्या, "आजचं अर्धं कळलं. उरलेलं घरी नेते." डब्यात भाजी न्यावी तसं म्हणायच्या. आणि चार वाजले की काहीही चालू असो, उठून तरातरा निघून जायच्या.

त्या कुठे जातात हे मला कळलं ते वीजजोडणीच्या तासाला. हजेरीचा कागद घेऊन मी दारात उभी होते. परमार सर शिकवत होते. तरुण, लाजाळू इंजिनिअर, सावली गावाजवळच्या एका कारखान्यात नोकरी करून आमच्याकडे शनिवारी यायचे. कुमुदताईंनी हात वर केला.

"सर, समजा एका बाजूचा सप्लाय बंद पडला. त्याच वस्तीला दुसऱ्या बाजूनं देता येतो?"

"वच्चे जोडाण होय तो अपाय," सर म्हणाले. मधे जोड असेल तर देता येतो.

"आणि जोड नसेल तर?"

"तो नाखवुं पडे." टाकावा लागेल.

"कितीक दिवस लागतात?"

सर हसले. म्हणाले, ते वस्तीवर आहे, मॅडम, तुमची वस्ती कुठली? तेव्हा कुमुदताईंनी सांगितलं. अगदी साध्या आवाजात, पत्ता सांगावा तसं. त्यांचे यजमान वीज खात्यात लाइन इन्स्पेक्टर होते. तीस वर्षं करजण-सावलीच्या खेड्यापाड्यांतून खांब तपासत हिंडले. दीड वर्षापूर्वी त्यांना लकवा झाला. उजवा हात-पाय गेला आणि बोलणं गेलं. सहा महिन्यांनी बोलणं परत यायला लागलं, पण ते आलं गुजरातीत. मराठी आलं नाही. समजतं सगळं, तुम्ही मराठीत विचारा, उत्तर गुजरातीत येतं. डॉक्टर म्हणाले, एक फीडर जळालाय आणि दुसरा चालू आहे असं समजा. "म्हणून मी आधी फीडर म्हणजे काय ते शिकायला आले," कुमुदताई म्हणाल्या.

परमार सरांनी फळा पुसला आणि पुसलेला फळा पुन्हा पुसला. मी तो कागद सहीसाठी न फिरवताच परत घेऊन आले, आणि टेबलाशी बसून स्वतःला चांगल्या चार शिव्या दिल्या.

त्यानंतर कुमुदताई माझ्याशी घरातलं बोलायला लागल्या. खरं तर मीच विचारायला लागले. सबनीसकाका बडोद्यातच जन्मलेले, पण त्यांचं घर पक्कं मराठी. दिवसभर शेतकऱ्यांशी आणि लाइनमनांशी गुजराती, आणि घरी आल्यावर चपला काढल्याबरोबर मराठी. कुमुदताई साताऱ्याहून लग्न होऊन आलेल्या. मुलगा बंगळूरला कॉम्प्युटरच्या नोकरीत. म्हणजे घरात ही दोघंच, आणि दोघांची मिळून जी भाषा होती तिच्यात आता एकच जण बोलत होतं.

"मला गुजराती काय कमी येतं का?" त्या म्हणायच्या. "पाणी आप म्हणाले तर पाणी देते, लाइट गई म्हणाले तर मेणबत्ती लावते. अडत काहीच नाही. पण वैशाली, माझ्याशी ते मराठीत भांडले, मराठीत माझी चेष्टा केली, माझी आई गेली तेव्हा मराठीत समजूत घातली. आता समोर बसून 'तबियत केम छे' विचारतात. पाहुण्यानं विचारावं तसं वाटतं." मग थांबून म्हणाल्या, "एकच मराठी शब्द यावा. भांडणातला आला तरी चालेल. एक आला तर वाट आहे असं कळेल ने."

म्हणजे चार विषयांचा संबंध होता, आणि तो कारेलीबागेतल्या एका तळमजल्याच्या घरात झोपाळ्यावर बसलेला होता. गुजराती घरात असतो तसा त्यांच्याकडे बैठकीत मोठा पितळी कड्यांचा झोपाळा होता, आणि काकांचा दिवस त्यावर जायचा. कुमुदताई वर्गात असताना शेजारचे शाहकाका त्यांच्यापाशी पेपर वाचत बसायचे. चार वाजता शाहकाकांची चहाची वेळ.

शिकलेली प्रत्येक गोष्ट कुमुदताई घरी करून बघायच्या. गुरुजींनी सांगितलं की चालीबरोबर शब्द आपोआप येतात, तर संध्याकाळी त्यांनी आरती म्हणायला घेतली, आपल्या त्या बेसूर आवाजात. काकांनी डाव्या हातानं मांडीवर ठेका बरोबर धरला, ओठ हलले, पण शब्द नाही. "माझ्या सुरात कोण बोलणार?" असं म्हणून त्या स्वतःच हसल्या. बालविकासाच्या बाईंनी चित्रांची पुस्तकं वापरा म्हटलं, तर बालवाडीतून पुस्तक आणलं. पहिल्या दिवशी आंबा दाखवला, काका गप्प. दुसऱ्या दिवशी ससा दाखवला, गप्प. तिसऱ्या दिवशी बदक दाखवल्यावर काकांनी पुस्तक हिसकावून कोपऱ्यात फेकलं आणि ओरडले, "हुं कंई छोकरुं नथी!" मी काही लहान मूल नाही.

हे सांगताना कुमुदताईंचे डोळे चमकत होते. "अगं, अख्खं वाक्य! कर्ता, क्रियापद, नकार, सगळं जागच्या जागी! दीड वर्षात एवढं लांब वाक्य पहिलं." बदकाचं ते पुस्तक त्यांनी फाटलेल्या पानासकट बालवाडीला परत केलं आणि वर नवीन एक घेऊन दिलं.

मला त्यांचं नवल वाटायचं ते हे. दुःख होतंच, ते त्या लपवतही नव्हत्या. एकदा पाणी पिता पिता रडल्याही. पण दुःखाच्या बरोबरीनं त्यांना खरोखरच जाणून घ्यायचं होतं, की माणसाच्या डोक्यात मराठी कुठे ठेवलेलं असतं आणि गुजराती कुठे, आणि मधे भिंत आहे का नुसता पडदा. ही उत्सुकता मला पहिल्यांदा जरा अघोरी वाटली. स्वतःच्या नवऱ्याचा कुणी असा अभ्यास करतं का? मी तसं बोलूनही दाखवलं. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "मग काय करू? नुसती बघत बसू?"

दुसऱ्या वर्षी, दिवाळीच्या आधी, एका सकाळी त्या आल्या त्या पाणीही न पिता माझ्यासमोर बसल्या.

"माझं नाव काढ."

"म्हणजे?"

"रजिस्टरातून. नाव काढून टाक. मी येणार नाही आता."

सांगलीहून काकांच्या थोरल्या बहीण आल्या होत्या, अक्का. काकांची आई लवकर गेली, तेव्हा ह्या अक्कांनीच त्यांना वाढवलेलं. सांगलीला लग्न होऊन गेल्याला त्यांना पन्नासएक वर्षं झालेली, गुजराती पार विसरलेली. कुमुदताई तासाला निघाल्या होत्या, उंबऱ्याशी बसून बूट घालत होत्या. तेवढ्यात काका झोपाळ्यावरून म्हणायला लागले, "सांभळ... सांभळ..." पुढे काही येईना. तोंड वेडंवाकडं होत होतं, डोळे मोठे झाले होते, आणि पुन्हा तेच, सांभळ, सांभळ.

गुजरातीत सांभळ म्हणजे ऐक. बडोद्यात दिवसातून पन्नास वेळा कानावर पडणारा शब्द. पण अक्कांनी तो मराठीत ऐकला आणि त्यांना रडू फुटलं. "सांभाळ म्हणतोय गं तो! मला सांभाळ म्हणतोय, आणि तू पायात बूट चढवून शाळेत निघालीस?" कुमुदताईंनी समजावलं, की वन्सं, ते 'ऐक' म्हणतायत, त्यांना काहीतरी सांगायचंय. अक्का म्हणाल्या, "माझ्या भावाची भाषा तू मला शिकवणार?"

"बाई चुकीचं समजल्या, ताई," मी म्हटलं. "त्यात काय एवढं?"

"चुकीचं समजल्या असंच मला पण वाटलं. रात्रभर वाटत होतं." कुमुदताई टेबलावरची टाचणी उचलून परत ठेवत होत्या. "मग पहाटे वाटलं, खात्री कशावरून? त्या घडीला ते कुठल्या भाषेत होते, हे मला कुठे ठाऊक आहे? मी त्यांचं गुजराती ऐकायची सवय लावून घेतलीय. वाट बघतेय म्हणते मराठी शब्दाची, आणि तो येऊन गेला असेल तर? मीच तो गुजराती समजून पाणी दिलं असेल, पंखा लावला असेल. किती वेळा झालं असेल असं?"

मला एवढंच कळत होतं, की ही बाई आत्ता उठून गेली तर पुन्हा येणार नाही. मी नाव काढण्याचा फॉर्म शोधायचं नाटक केलं. मग म्हटलं, तो फॉर्म संपलाय, खंड घेण्याचा आहे, एक सत्र सुट्टी. लवचिक कोर्स आहे, चालतं. त्यांनी न वाचता सही केली. नोकरीत मी खोटं बोलले ते तेवढं एकदाच, आणि मला त्याचं अजून बरं वाटतं.

संक्रांतीनंतर एका दुपारी जिन्यावर कॅनव्हासच्या बुटांचा आवाज आला. चंदुभाईंनी न सांगता माठाखालचा पेला विसळायला घेतला.

"वन्संनीच पाठवलं," कुमुदताई म्हणाल्या आणि खो खो हसायला लागल्या. अक्का दोन महिने राहिल्या. एक दिवस कुमुदताई भाजीला गेलेल्या असताना काका पुन्हा 'सांभळ, सांभळ' करायला लागले. अक्कांनी प्रेमानं त्यांच्या अंगावर शाल घातली. काकांनी ती फेकली. अक्कांनी दुसरी घातली. काकांनी तीही फेकली आणि डावा हात छताकडे करून तळमळून सांभळ, सांभळ. अक्का देवाचं नाव घेत त्यांच्या डोक्यावरून हात फिरवत बसल्या. गच्चीवरची टाकी भरून वाहत होती, जिन्यातून पाणी खाली आलं होतं आणि त्यांच्या वरच्या मजल्यावरच्या ट्यूशन क्लासची पोरं चपला हातात घेऊन उतरत होती. संध्याकाळी अक्का म्हणाल्या, "जा बाई तू तुझ्या कॉलेजला. ह्याला काय हवंय ते तूच शीक, आणि मला पण कळव."

भाषाविज्ञान शिकवणारे देवधर सर पुण्याहून नवीन आलेले होते. कुमुदताईंनी ही हकिकत वर्गात सांगितली, तेव्हा ते म्हणाले की ह्या दोन्ही शब्दांचं मूळ एकच असावं. लक्ष देणं, असा जुना अर्थ. एका भाषेनं तो कानांकडे दिला आणि दुसरीनं हातांकडे. कुमुदताई त्या दिवशी चार वाजले तरी उठल्या नाहीत. मी दारातून हाक मारली, तेव्हा दचकून म्हणाल्या, "म्हणजे वन्संचं पण बरोबर होतं." शाहकाकांचा चहा त्या दिवशी उशिरा झाला.

चार विषय पुरे व्हायला साडेतीन वर्षं लागली. वीजजोडणीत त्या वर्गात पहिल्या आल्या, गायनात काठावर पास झाल्या. प्रबंधाचं नाव त्यांनी ठेवलं होतं, 'एका घरातल्या दोन भाषा'. मार्गदर्शक कोण, यावर सगळ्या विभागांत मोठी टोलवाटोलवी झाली. प्रत्येक जण म्हणे, आमचा नाही, शेजारच्यांचा विषय आहे. शेवटी देवधरांनी सही केली, आणि वीजजोडणीपुरती परमार सरांनी वेगळी केली. त्या कागदावर दोन सह्यांची जागा नव्हती, मी रेघ मारून करून दिली.

तोंडी परीक्षा शेजारच्या खोलीत झाली. मधली भिंत प्लायवूडची, त्यामुळे मला सगळं ऐकू येत होतं. बाहेरून आलेल्या परीक्षक बाई कडक होत्या, पण वाचून आलेल्या होत्या.

"तुमचं काम मला आवडलं," त्या म्हणाल्या. "पण शेवटचं प्रकरण कुठे आहे? निष्कर्ष?"

"नाही लिहिला," कुमुदताईंचा आवाज.

"का?"

"ते अजून मराठीत बोलले नाहीत."

"न बोलणं हाही निष्कर्ष असू शकतो, सबनीसबाई."

"असू शकतो," कुमुदताई म्हणाल्या. "पण तो माझ्या हातानं मी लिहिणार नाही. त्याचे मार्क कापा."

त्यांनी कापले. दुसरा वर्ग मिळाला. मला परीक्षक बाईंचा असा राग आला, की त्यांचा चहा मी गार झाल्यावर आत पाठवला. कुमुदताई मात्र बाहेर येऊन म्हणाल्या, "बरोबर आहे त्यांचं. प्रकरण नाही तर मार्क कसले?" आणि त्या दिवशी पहिल्यांदाच त्या जिना हळूहळू, कठड्याला धरून उतरल्या.

प्रमाणपत्र छापून आलं. दोन महिने झाले, तीन झाले, त्या न्यायला येईनात. फोन केला की म्हणायच्या, येते गं पुढच्या आठवड्यात. परीक्षेनंतर त्यांच्या आवाजातला तो प्रश्न गेला होता, ते मला खटकत होतं. शेवटी एका रविवारी मीच ते लांब पाकिटात घालून घरी घेऊन गेले.

दार उघडंच होतं. काका झोपाळ्यावर बसले होते, पांढरा सदरा, विंचरलेले केस, उजवा हात मांडीवर नीट ठेवलेला. मला बघून डाव्या हातानं खुर्ची दाखवली. "आवो, आवो. बेसो. केम छो?" इतकं स्वच्छ, इतकं अगत्याचं, की मला कुमुदताईंचं पाहुण्याचं बोलणं तिथे बसून कळलं. मीही गुजरातीत सांगितलं, मजामां. स्वयंपाकघरातून कुमुदताईंनी ओरडून सांगितलं, बस, कुकर उतरवते आणि आलेच. मी पाकीट टीपॉयवर ठेवलं. झोपाळा कुरकुरत होता, वरच्या मजल्यावर क्लासमध्ये कुणी तरी पाढे घोकत होतं.

कुमुदताई पदराला हात पुसत बाहेर आल्या. काकांनी त्यांच्याकडे पाहिलं. ओठ जुळवले, सोडले, पुन्हा जुळवले. मग म्हणाले,

"नवरी?"

मला त्यात काही विशेष वाटलं नाही. गुजरातीत नवरी म्हणजे मोकळी, काम आटोपलेली. काम झालं का, असं काका विचारत होते. पण कुमुदताई दारातच थांबल्या होत्या, पदर हातात तसाच.

"ताई, झालं का काम असं विचारतायत," मी म्हटलं. काहीतरी बोलायला हवं म्हणून.

"हो," त्या म्हणाल्या. काकांवरची नजर न काढता त्या माझ्याशी बोलत होत्या, अगदी हळू. "मी लग्न होऊन आले ने, त्याच्या चौथ्या दिवशी शेजारच्या कांतामासींनी दारातून विचारलं, नवरी छे? मला वाटलं, नवी नवरी का विचारतायत. मी लाजून मान डोलावली. त्यांनी हात धरून नेलं आणि परातभर पापडी सोलायला बसवलं. संध्याकाळी हे घरी येऊन बघतात तर मी हिरव्या शालूत पापडी सोलतेय." त्या हसल्या, पण आवाज हलला. "त्यानंतर रोज कामावरून आले, की चपला काढता काढता विचारायचे. नवरी? कधी ह्या अर्थानं, कधी त्या. मला कधीच कळायचं नाही, आणि ते कधी सांगायचे नाहीत. मुलगा मोठा झाला तसं बंद झालं. वीस-पंचवीस वर्षं झाली असतील."

आयुष्यात कुणाच्या घरात नाक न खुपसणारी मी, मला राहवलं नाही. "मग आत्ता?" मी विचारलं. "आत्ता कुठल्या भाषेत म्हणाले?"

कुमुदताईंनी माझ्याकडे पाहिलंच नाही. काका वाट बघत होते. चेहऱ्याची एक बाजू सरळ होती. दुसऱ्या बाजूला, ओठाच्या कोपऱ्यात, काहीतरी हललं. ते हसू होतं की नुसता ताण, मला सांगता येणार नाही.

"हो," कुमुदताई त्यांना म्हणाल्या. "आहे ना."

आणि टीपॉयवरचं पाकीट ओलांडून त्या झोपाळ्यापाशी गेल्या, काकांच्या उजव्या बाजूला बसल्या, तो हात मांडीवरून उचलून त्यांनी आपल्या मांडीवर घेतला. काकांनी डावा पाय जमिनीला टेकवला आणि झोपाळ्याला झोका दिला.